पाच-पस्तीसचा भाव

दर गुरुवारी सकाळी साडेनऊला मॅलकी डोलन फोनशेजारच्या खुर्चीत बसला, की त्याची बहीण अट्रॅक्टा रेडिओ बंद करी आणि टेबलाशी बटाटे सोलायला घेई. ऐकत नाही असं दाखवायला बटाटे बरे पडतात.

फोन कारखान्याच्या एजंटला, फीलीला. कत्तलखान्याला आयर्लंडातल्या लीट्रिममध्ये कुणी कत्तलखाना म्हणत नाही. कारखाना म्हणतात, जणू जनावरं तिथे तयार होतात. फोन फीली उचलायचा. मग आधी पाऊस, मग त्या आठवड्यात कोण गेलं, कशाने गेलं, चर्चमधल्या मिस्सेला किती माणसं होती, मग जिल्ह्याचा फुटबॉल संघ या वेळी किती गोलांनी हरला, असं सगळं रीतसर व्हायचं. त्यानंतर दोघंही गप्प. या गप्प बसण्यात जो आधी आकडा बोलेल तो हरला, हे दोघांना तीस वर्षांपासून माहीत होतं. तीस वर्षं मॅलकीच हरत आला होता, पण थांबायचा मात्र दर वेळी.

"मग," त्या जूनमधल्या पहिल्या गुरुवारी फीली म्हणाला, "काय म्हणतात गोऱ्हे?"

"खातात."

"किती म्हणालास?"

"बारा."

बारा आहेत हे फीलीला ठाऊक होतं. मे महिन्यात फाटकावर कोपर टेकून त्याने ते पाहिले होते, आणि त्यांच्या जन्मतारखा त्याला मॅलकीपेक्षा जास्त पाठ होत्या. तरी त्याने असा सुस्कारा सोडला, की कुणी त्याच्या दारात बारा पोरकी मुलं आणून सोडली असावीत.

"या आठवड्यात अवघड आहे रे. कारखाना भरलाय. इंग्लंडात ऊन पडेना, आणि ऊन पडल्याशिवाय ते लोक अंगणात शेगडी मांडत नाहीत. जर्मन तर खायचंच विसरलेत."

"मागच्या वर्षी ऊन पडलं म्हणून भाव उतरला होता."

"मागच्या वर्षी फार पडलं. फार पडलं की भूक मरते."

जगातल्या सगळ्या हवामानाचा एकच परिणाम होतो, हे मॅलकीने केव्हाच मान्य केलं होतं.

"बाहेर सगळ्यांना पाच-दहा सांगतोय," फीली म्हणाला. "पाच युरो दहा सेंट किलोला, सोललेल्या वजनावर. तुला म्हणून, जुनी ओळख म्हणून, पाच-वीस. सरसकट, बाराही. पण कुणाला सांगू नकोस."

"विचार करतो," मॅलकी म्हणाला. पहिल्या फोनला हो म्हणणारा माणूस त्या भागात अजून जन्माला यायचा होता.

फोन ठेवल्यावर अट्रॅक्टाने बटाटा खाली ठेवला. "किती?"

"पाच-वीस."

तिने उठून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून मागची बाजू पाहिली. तिथे तिने पेन्सिलीने हिशेब मांडून ठेवला होता आणि त्याच्या शेवटी एका आकड्याभोवती गोल होता. शरद ऋतूत बाजारातून बारा नवी वासरं आणायची, पुढचा हिवाळा काढायचा, तर हे बारा गोऱ्हे किमान इतक्याला जायला हवेत. गोलात पाच-वीस होतं.

"झालं मग," ती म्हणाली आणि उरलेले बटाटे सोलू लागली. ती सत्तर वर्षांची होती, चाळीस वर्षं पोस्टात काढलेली, आणि एखादी गोष्ट पुरते म्हणजे पुरते असं मानणारी.

आकडा खाली गेला असता तर काय, तेही ठरलेलं होतं. ड्रॉवरमध्ये झाडं लावणाऱ्या कंपनीचे कागद होते; कुरण तिला देऊन टाकायचं. डोलनांची जमीन तीन बाजूंनी स्प्रूसच्या उंच सूचिपर्णी झाडांनी वेढलेली होती. एकेक शेजारी थकला, मेला किंवा डब्लिनला गेला आणि त्याच्या कुरणात रांगेने झाडं उभी राहिली. त्यात पाखरू ओरडत नाही. दिवसाही आत अंधार असतो. आणि एकदा झाडं लावली की लावली; कायद्याने ती जमीन कायमची जंगलाची. तोडलं तरी पुन्हा लावायचं. मॅलकीचं घर, त्याचं पश्चिमेचं वरचं कुरण आणि पलीकडे ह्यूई मॅकमोरोची आठ गोऱ्ह्यांपुरती जमीन, एवढाच तुकडा आता उघडा राहिला होता. त्या कुरणावरून संध्याकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात येई. जेवताना ते डोळ्यांत जातं, पडदा शिवायला हवा, असं अट्रॅक्टा वीस वर्षं म्हणत होती.

या मुलखात भाव तीन असतात. एक कारखाना तोंडाने सांगतो तो. दुसरा खरोखर मिळतो तो. तिसरा शेजाऱ्याला सांगायचा. तो अब्रूचा भाव, आणि तो नेहमी सगळ्यांत वर असतो. फीली प्रत्येकाला कुणाला सांगू नकोस म्हणून बजावतो, त्यामुळे दुसरा भाव कुणाचाच कुणाला कळत नाही आणि तिसरा भाव सगळ्यांना कळतो. त्यातही एक पोटकलम आहे. एखाद्याला खरंच गुपचूप चांगला भाव मिळाला, तर तो गप्प राहण्यासाठी मिळालेला असतो. असा माणूस तोंड पाडून कमी सांगतो. म्हणून कुणी कमी आकडा सांगितला, तर लोक त्याच्याकडे डोळे बारीक करून बघतात.

मॅलकीही या रिवाजाबाहेरचा नव्हता. फेब्रुवारीत त्याने एक गाभण न राहणारी कालवड फीलीला दिली होती, पाच-पाचला. त्या आठवड्यात सोसायटीच्या दुकानात खुराकाची पोती घेताना काउंटरवरच्या जर्लाथने विचारलं, तेव्हा मॅलकी म्हणाला, "पाच-पंचवीस. पण माझं नाव घेऊ नकोस." यात त्याला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. हवापाण्याचं विचारलं तर आपण बरं आहे म्हणतो, त्यातलाच प्रकार. ट्रॅक्टरपर्यंत पोचेतो तो हे विसरलाही होता.

*

रविवारी मिस्सा सुटल्यावर पुरुषमंडळी चर्चच्या भिंतीला टेकून उभी होती. ह्यूई मॅकमोरो आपला खराब खुबा सांभाळत मॅलकीजवळ आला. ह्यूईचं लग्न झालं नव्हतं. त्याला विचाराल तर तो चांगला भाव येण्याची वाट बघत होता.

"गेले का तुझे?"

"उद्या फोन करून हो म्हणावं म्हणतोय."

"करू नकोस." ह्यूईने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग समोरच्या थडग्यांकडेही पाहून घेतलं. "पाच-पस्तीस मिळतायत."

"कुणाला?"

"नाव नाही सांगता येत. मला जर्लाथने सांगितलं, आणि त्यालाही ज्याने सांगितलं त्याने नाव घेऊ नको म्हणून बजावलंय. कालवडीला पाच-पंचवीस मिळाले होते म्हणे त्याला हिवाळ्यात. कालवडीला पाच-पंचवीस, म्हणजे आता गोऱ्ह्याला पाच-तीस तरी आलेच. आणि वर एवढं गवत आहे यंदा."

"म्हणजे पस्तीस."

"म्हणजे पस्तीस. जर्लाथ म्हणाला, माणूस भरवशाचा आहे. या पट्ट्यात इतका सरळ माणूस नाही म्हणाला."

"आपल्यातलाच?"

"आपल्यातलाच."

मॅलकीने भिंतीला टेकलेल्या माणसांकडे पाहिलं. अकरा होती. त्यांतला सरळ असा एकही त्याला आढळला नाही, पण पाच-पस्तीस घेऊन गप्प बसेल असे निदान नऊ जण होते. त्या नऊ जणांचा त्याला लगेच राग आला. कालवडीचा मुद्दा त्याच्या कानांवरून गेला खरा, पण फेब्रुवारीतली कालवड पाच-पाचला गेली होती. ही दुसऱ्या कुणाची तरी, नशीबवान माणसाची कालवड होती.

संध्याकाळी घरी त्याने हॅम कापताना सांगून टाकलं. "उद्या फोन करत नाही."

"का?"

"कुणाला तरी पाच-पस्तीस देतोय फीली."

अट्रॅक्टाने कोबी वाढला. "आपल्याला पाच-वीस पुरतात."

"पुरतात."

"मग घे ना."

"पुरण्याचा प्रश्न नाही, अट्रॅक्टा."

"मग कशाचा आहे?"

"तीस वर्षं तो माणूस मला जुनी ओळख जुनी ओळख म्हणतोय आणि पंधरा सेंट दुसऱ्याच्या खिशात घालतोय. मी काय मठ्ठ आहे?"

ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून अट्रॅक्टाने खुर्ची जरा सरकवली. खरं म्हणजे मॅलकीला जास्त पैसे नको होते. बारा वासरं यावीत, हिवाळ्यात त्यांना चारा टाकावा, एवढंच हवं होतं, आणि तेवढं फीलीने फोनवर देऊनही टाकलं होतं. फक्त ते दुसऱ्याला मिळालेल्यापेक्षा पंधरा सेंटांनी कमी होतं.

*

पुढच्या गुरुवारी फोनवर पाऊस झाला, गेलेली माणसं झाली, फुटबॉल झाला. मग मॅलकी तीस वर्षांत प्रथमच ठामपणे हरला. "पाच-पस्तीस," तो म्हणाला.

फीली हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. "कोण देतंय?"

"ते नाही सांगता येत."

"मला सांग ना. माझ्या घरचे आठ आहेत, मीही त्यालाच देतो."

"ते मला माहीत नाही. पाच-पस्तीस."

"मॅलकी, ऐक. मागच्या गुरुवारचे पाच-वीस मागच्या गुरुवारचे होते. आज पाच-पंधरा. तेही कुणाला सांगू नकोस, बाहेर पाच-पाच चाललंय."

फोन ठेवल्यावर मॅलकीला बरं वाटलं. भाव उतरवतोय म्हणजे घाबरला आहे. अट्रॅक्टाने कॅलेंडरकडे पाहिलं, पण उठली नाही.

त्याच दुपारी शेतीचं साप्ताहिक आलं. जनावरांच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, जरा दबक्या अक्षरांतच छापलेलं होतं: वायव्य भागात निवडक मालाला पाच-पस्तीसपर्यंत भाव मिळाल्याचं सांगितलं जातं. मॅलकीने पान घडी घालून बहिणीच्या बशीशेजारी ठेवलं आणि ती वाचेपर्यंत उभा राहिला.

"'सांगितलं जातं,'" ती म्हणाली.

"छापलंय की."

"चाळीस वर्षं मी लोकांची पत्रं वजन करून घेतली, मॅलकी. आत काय लिहिलंय ते वजनात येत नाही."

"पेपरवाले काय मनाने छापतात?"

"ते जर्लाथला फोन करतात. दर मंगळवारी. मी रांगेत उभी असताना केलाय त्यांनी."

"मग जर्लाथला माहीत असणार," मॅलकी म्हणाला, आणि हा आपल्या बाजूचा मुद्दा झाला असं समजून दूध काढून आलेल्या माणसासारखा समाधानाने बसला. दूध तो काढत नव्हता; त्याच्याकडे फक्त गोऱ्हे होते.

गोऱ्ह्यांना प्रत्येकी एक पासपोर्ट असतो. मॅलकीला स्वतःला पासपोर्ट नव्हता. तो एकदा लिव्हरपूलपर्यंत गेला होता आणि तिथे कुणी मागितला नाही. पण गोऱ्ह्याच्या पासपोर्टवर जन्माचा दिवस असतो, आईचा कानातला नंबर असतो, कुठल्या गोठ्यात किती दिवस काढले तेही असतं. हे सगळं दुकानदारांसाठी. कुठल्याशा मोठ्या दुकानांनी ठरवलं आहे, की तीस महिन्यांच्या आतलं जनावर कोवळं आणि तीस महिने एक दिवसाचं म्हातारं. कोवळ्याला किलोमागे वरचे पैसे मिळतात, म्हाताऱ्याच्या वरच्या पैशांना कात्री लागते. मॅलकीच्या बारांपैकी दोघांचे तीस महिने चार जुलैला भरत होते, पाच जणांचे नऊला, उरलेल्यांचे चौदाच्या आत. हे फीलीला पाठ होतं. मॅलकीलाही माहीत होतं, पण अजून जून होता.

तिसऱ्या गुरुवारी पाच-दहा. मॅलकी पाच-पस्तीसवरून पाच-तीसवर आला आणि आपण मन मोठं केलं असं त्याला वाटलं. फीली म्हणाला, बघतो.

चौथ्या गुरुवारी फीलीने फोन उचललाच नाही.

मॅलकी साडेनऊपासून साडेदहापर्यंत खुर्चीत बसून होता. अट्रॅक्टाने लागतील त्यापेक्षा जास्त बटाटे सोलले. भाव कमी सांगणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो. न उचललेल्या फोनशी काय बोलायचं? शुक्रवारी दुपारी फीलीचाच फोन आला, आणि त्याने पावसाबद्दलही काही विचारलं नाही.

"जागा नाही रे. या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. सगळेच आणतायत."

"पाच-वीसला देतो," मॅलकी म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की अट्रॅक्टाच्या हातातला बटाटा थांबला.

"अरे, भावाचं कोण बोलतंय? जागा नाही म्हणतोय मी."

"पाच-दहा."

"मॅलकी, मी सोमवारी तुला फोन करतो."

सोमवारी केला नाही. चार जुलैला मॅलकी सकाळी फाटकाशी जाऊन उभा राहिला. ते दोघे गोऱ्हे इतरांमध्ये उभे होते, कालसारखेच. एकाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. म्हातारपण अंगावर आल्याचं त्याच्या काही लक्षात आलं नसावं. नऊला पाचही जण असेच म्हातारे झाले. गवत यंदा खरंच फार होतं, त्यात जून सगळा गेलेला; सगळ्यांच्या शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाठी आल्या होत्या, आणि कारखान्याला फार चरबीही नको असते. पंधराला फीलीने फोन केला. चार-पंच्याऐंशी. आणि आता सरसकट नाही, प्रत्येकाच्या अक्षरावर.

अक्षर म्हणजे असं की सोललेलं धूड एका यंत्रासमोरून जातं, यंत्र त्याचा फोटो काढून त्याला अंगलटीचं एक अक्षर आणि चरबीचा एक आकडा देतं, आणि त्यावर किंमत ठरते. शेतकरी त्या वेळी घरी असतो. आपल्या गोऱ्ह्याला काय अक्षर मिळालं हे त्याला दुसऱ्या दिवशी फोनवर संदेशाने कळतं, शाळेत पोराला मिळतं तसं. फक्त इथे वर्ग पुन्हा काढता येत नाही.

"घे," मॅलकी म्हणाला.

*

मंगळवारी सकाळी लॉरी आली. तिच्या मागून आपली गाडी घेऊन फीली आला. तो सहसा येत नसे. त्याने बूट बदलले, काठी घेतली आणि लॉरीच्या उतरत्या फळीच्या एका बाजूला उभा राहिला. गोऱ्हे शिस्तीत चढले. शेवटच्याने फळीवर क्षणभर पाय रोवले, मॅलकीने त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला, तो चढला. लॉरीवाल्याने दार लावलं आणि पासपोर्टांचा गठ्ठा मोजून खिशात घातला.

"तुला एक सांगायचंय," फीली म्हणाला. "कुणाला सांगू नकोस."

"आता काय राहिलंय?"

"त्या पाच-पस्तीसपायी मी महिनाभर शिव्या खाल्ल्यात. साहेबांना वाटलं मीच कुणाला तरी चोरून देतोय. पेपरात आलं ना. म्हणाले, शोधून काढ नाहीतर घरी बस. मग मी शोधलं. पेपरवाल्याने जर्लाथचं नाव सांगितलं. जर्लाथ काही सांगेना. शब्द दिलाय म्हणाला. जर्लाथ कसा आहे तुला माहीत आहे."

"नाव नाही सांगत तो."

"नाव नाही सांगितलं. एवढंच म्हणाला, की पाच-पस्तीस कुणी दिलेच नव्हते. फेब्रुवारीत कुणाच्या तरी कालवडीला पाच-पंचवीस मिळाले होते, तिथून सगळं वाढत गेलं." फीलीने काठीचं टोक चिखलातून वर काढलं आणि बुटाला पुसलं. "फेब्रुवारीत या पट्ट्यातून एकच कालवड गेली, मॅलकी. मीच नेली होती. पाच-पाचला."

लॉरीचं इंजिन चालू झालं. दोघेही ती वळणावरच्या स्प्रूसांमागे जाईपर्यंत तिकडेच बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते कळत नव्हतं.

"साहेबांना काय सांगितलंस?" मॅलकीने विचारलं.

"नाही सापडलं म्हणून सांगितलं. जुनी ओळख आहे आपली."

"आणि मला त्या दिवशी पाच-वीस म्हणालास ते?"

"ते खरं होतं," फीली म्हणाला. "तेच तर. त्या आठवड्यात पाच-वीस फक्त तुलाच होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी संदेश आला. बारा ओळी, बारा अक्षरं, चरबीचे बारा आकडे. सगळं मिळून सरासरी चार-बहात्तर पडली. अट्रॅक्टाने फोन हातात घेऊन चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या, मग उठून ड्रॉवर उघडला.

झाडांच्या कंपनीचा माणूस शुक्रवारी आला. सभ्य होता. दाराशी पाय पुसले, चहा घेतला, घरच्या ब्रेडचं कौतुक केलं, आणि वरच्या कुरणात पाण्याचा निचरा कसा उत्तम आहे हेही बोलला. त्या निचऱ्यासाठी मॅलकीच्या वडिलांनी दोन हिवाळे फावडं मारलं होतं. सह्या नऊ ठिकाणी करायच्या होत्या. मॅलकीने केल्या.

*

गोठ्यात खुराकाची दोन पोती न फोडलेली उरली होती. ती परत करायला तो शनिवारी सोसायटीच्या दुकानात गेला. काउंटरवर जर्लाथ होता आणि बाजूला, खुबा पत्र्याच्या पिंपाला टेकवून, ह्यूई मॅकमोरो.

"गेले म्हणे," जर्लाथ म्हणाला.

"गेले."

"कितीला?"

येताना मॅलकीने ठरवलं होतं. तीस वर्षांत या काउंटरवर त्याने एकदाही दुसरा भाव उच्चारला नव्हता, आणि त्याच्या माहितीत दुसऱ्या कुणीही नाही. पण ह्यूईच्या आठांचे तीस महिने महिनाअखेरीस भरत होते, आणि उघडी जमीन म्हणून आता तेवढीच उरायची होती.

"चार-बहात्तर," तो म्हणाला.

जर्लाथने ह्यूईकडे पाहिलं. ह्यूईने जर्लाथकडे पाहिलं. मग ह्यूईचे डोळे हळूहळू बारीक झाले.

"चार-बहात्तर," तो म्हणाला.

"हो."

"तुझे बारा. पेपरात पाच-पस्तीस, आणि तुला चार-बहात्तर."

"ते पाच-पस्तीस कुणाला मिळालेच नव्हते, ह्यूई. ते माझ्यापासूनच सुरू झालं. फेब्रुवारीत मी जर्लाथला उगाच सांगितलं. विचार त्याला."

ह्यूई जर्लाथकडे वळला. जर्लाथने हात पुसले. "कुणी मला काय सांगितलं ते मी कधी बोललेलो नाही," तो म्हणाला, "आणि आजही बोलणार नाही."

"बघ," ह्यूई म्हणाला, मॅलकीकडे जवळजवळ प्रेमाने बघत. "फीली मंगळवारी स्वतः आला होता तुझ्याकडे. माझ्या खिडकीतून दिसतं. लॉरी गेल्यावर तुम्ही दोघं केवढा वेळ बोलत उभे होतात. तो कधी कुणाकडे जातो का स्वतः?"

"तो मला हेच सांगत होता."

"काय सांगत होता? कुणाला सांगू नकोस म्हणाला का नाही?"

मॅलकीला खोटं बोलायचं नव्हतं. "म्हणाला," तो म्हणाला.

"मग." ह्यूई पिंपावरून सरळ झाला. "मी समजत नाही का, गड्या? शब्द दिलास, पाळ. मी तुझ्या जागी असतो तर चार-साठ सांगितले असते." त्याने खिशातून फोन काढला. "मी सोमवारच्या लॉरीला हो म्हणून बसलो होतो, पाच-पाचला. बरं झालं भेटलास."

"ह्यूई, पाच-पाच घे."

"घेतो घेतो," असं म्हणत ह्यूई फोन कानाला लावून बाहेर गेला. काचेतून दिसत होता. आधी तो आभाळाकडे हात करून पावसाचं बोलला, मग बोटांवर कोण कोण गेलं ते मोजलं, मग बराच वेळ गप्प उभा राहिला. नंतर त्याने मान हलवली. नाही, नाही.

जर्लाथने पोती तपासली. "ही परत नाही घेता येणार. मागच्या बाजूला उंदराने कुरतडलंय."

संध्याकाळी अट्रॅक्टाने हॅम आणि बटाटे मांडले. आभाळ मोकळं होतं. वरच्या कुरणात कुणी चरत नव्हतं, त्यामुळे गवत एकसारखं वर आलं होतं आणि ऊन त्याच्यावरून सरळ टेबलापर्यंत येत होतं.

"काय सांगितलंस दुकानात?" तिने विचारलं.

"खरं."

"मग?"

"ह्यूईने लॉरी रद्द केली."

तिने बटाट्याचं साल काढून बशीच्या कडेला ठेवलं. ऊन तिच्या डोळ्यांवर आलं, पण तिने खुर्ची सरकवली नाही.

"खिडकीच्या वर जायला झाडांना किती वर्षं लागतात म्हणाला तो कंपनीवाला?"

"दहा."

"मी ऐंशीची असेन."

"हो."

"मग पडदा राहू दे," ती म्हणाली आणि त्याच्या बशीत आणखी एक बटाटा वाढला.